मुक्या जिवाचा वैद्य आणि धन्याची कनवटी

वसंत ऋतूतल्या अशा व्यासपीठांवरून संतांविषयी, स्वराज्याविषयी, शास्त्रांच्या शोधांविषयी बोलण्याची आपली जुनी परंपरा आहे. त्या पंक्तीला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याचे बिल आणून बसवणे कित्येकांना विनोदाचे वाटेल. परंतु माझे आयुष्य कामगारांच्या पगारपत्रकात गेले. शाळा थोडी झाली आणि उरलेले शिक्षण वाचनालयाने व संघटनेच्या कचेरीने दिले. त्या शिक्षणात एक गोष्ट पक्की कळली. एखाद्या समाजात कोणाचे दुखणे कोण दुरुस्त करतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, हे विचारले की त्या समाजाचा अर्धा इतिहास हाती येतो. माणसांच्या बाबतीत हे खरे आहे आणि जनावरांच्या बाबतीत तर अधिकच खरे आहे, कारण जनावर स्वतः फी देत नाही आणि तक्रारही करीत नाही.

आपले पूर्णा हे रेल्वेच्या जंक्शनचे गाव. नांदेडकडून येणारी, परभणी-मनमाडकडे जाणारी आणि हिंगोली-अकोल्याकडे फुटणारी अशा वाटा येथे मिळतात. गाडीवर जाणारा ड्रायव्हर, गार्ड, रात्रपाळीचा पॉइंट्समन घराबाहेर असतो तेव्हा अनेक दारांत राखण करणारे कुत्रे असते. कोठे एखादी शेळी असते, मांजर तर न विचारताच असते. ही जनावरे म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे मानण्याचे कारण नाही. ती कष्टकरी कुटुंबाच्या संसाराचा भाग आहेत. म्हणूनच त्यांच्यापैकी एखादे आजारी पडले म्हणजे घरात प्रश्न उभा राहतो : कोणत्या डॉक्टरकडे न्यावे आणि ते परवडावे कसे? या प्रश्नाचे उत्तर बाजारभावाची घासाघीस करून मिळत नाही. ते मिळवायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्या देशात जनावरांच्या उपचाराची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे, एक माणसांची आणि दुसरी पशूंची. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, असेही तो सांगतो. घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्राचे नाव आहे, हत्तींच्या वैद्यकाला पालकाप्याचे. ही नावे अभिमानाने घेताना एक गोष्ट मात्र आपण विसरतो. ज्या जनावरांवर ग्रंथ झाले ती राजांची जनावरे होती. घोडा आणि हत्ती हे सैन्याचे बळ. त्यांच्या वैद्याचा पगार खजिन्यातून जाई. कुणब्याच्या बैलासाठी असा पगारी वैद्य नव्हता. त्याला गावातला जाणता माणूस, धनगराचे अनुभवाचे शहाणपण, झाडपाल्याचा काढा आणि तापलेल्या लोखंडाचा डाग एवढाच आधार. आणि दारातल्या कुत्र्याला तोही नाही. जनावराच्या जिवाची किंमत त्याच्या उपयोगाने ठरे आणि वैद्य त्या किमतीच्या मागोमाग येई. हे सूत्र ध्यानात ठेवावे, पुढचा सगळा इतिहास त्याच सूत्रावर चालतो.

कुत्र्याचा प्रश्न आपल्या प्रांताच्या इतिहासात सार्वजनिक स्वरूपात प्रथम उभा राहिला तो मुंबईत, १८३२ साली. त्या वेळी उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायाला बक्षीस मिळे. बक्षीस आले म्हणजे विवेक जातो. शिपाई बक्षिसाच्या आशेने धन्याची कुत्रीही धरू लागले. जूनमध्ये पारशी समाज संतापून रस्त्यावर आला, हिंदू आणि जैनही त्यांच्यात मिळाले. किल्ल्यातली दुकाने बंद झाली आणि लष्कराच्या शिध्याची वाट अडवली गेली. अखेर सैन्य बोलवावे लागले आणि धरपकड झाली. आम्ही कामगार चळवळीतली माणसे हरताळाचा इतिहास सांगताना गिरण्यांपासून सुरुवात करतो. परंतु मुंबईत पहिली कापड गिरणी निघण्यापूर्वी दोन तपे आधी त्या शहराने कुत्र्यांसाठी हरताळ पाळला होता, ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्यासारखी वाटत आली आहे.

रागाचा हा प्रसंग दोन दिवसांत ओसरला. टिकाऊ ठरले ते पुढचे काम. १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. बेवारशी, म्हाताऱ्या आणि जखमी जनावरांना तेथे आसरा मिळू लागला. आता विचारावयाचा प्रश्न आपला नेहमीचाच : पैसा कोणाचा? शेठ लोकांनी मोठ्या देणग्या दिल्या हे खरे. पण रोजचा चारा देणगीवर चालत नाही. त्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने एक छोटी लाग बसवून घेतली. प्रत्येक व्यवहारातून थोडे थोडे बाजूला पडत गेले आणि त्यातून सगळ्या शहराच्या जनावरांची सोय झाली. वर्गणीची ही पद्धत आम्हाला परकी नाही. संघटना याच पायावर उभी असते.

पांजरपोळ आसरा देई. शास्त्रीय उपचार हे पुढचे पाऊल. ते १८७४ साली पडले. त्या वर्षी मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्या शहरात घोड्यांनी ओढावयाच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. या दोन गोष्टी एका वर्षातल्या असाव्यात हे बोलके आहे. शहर वाढत होते, माल वाढत होता आणि त्याचे सगळे ओझे बैलाघोड्यांच्या मानेवर होते. पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव दिले गेले. याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परळच्या गिरण्या आम्हाला ठाऊक असतात, पण त्या गिरण्यांच्या सावलीत थकलेल्या बैलांची शुश्रूषा करणारी ही वास्तू आमच्या बोलण्यात क्वचितच येते. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, हे रुग्णालय मात्र आजही चालू आहे.

या काळातल्या कायद्यांकडे पाहिले म्हणजे गरीब धन्याची अडचण स्पष्ट दिसते. गाडीवानाच्या बैलाच्या मानेला जखम झाली असेल तर त्याला कामाला जुंपणे हा गुन्हा. हे योग्यच. पण बैल दवाखान्यात अडकला म्हणजे गाडीवानाची चूल बंद. जनावराची दया आणि माणसाची भूक यांची अशी ओढाताण होई. स्वतंत्र भारताने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या ३५ व्या कलमात दंडाधिकाऱ्याने दवाखान्यात पाठविलेल्या जनावराचा खर्च ठरलेल्या दराने धन्याने द्यावा असे सांगितले आहे. पण त्यालाच जोडून, धन्याच्या गरिबीमुळे दंडाधिकाऱ्याने तसा हुकूम केल्यास उपचाराचे पैसे घेतले जाऊ नयेत, असेही म्हटले आहे. हे कलम एका विशिष्ट प्रसंगापुरते आहे, प्रत्येक आजारी जनावराला ते लागू नाही. तरीही त्यातली दोन तत्त्वे मोलाची आहेत. दर आधी ठरलेला असावा आणि गरिबी हा उपचार नाकारण्याचा आधार होऊ नये. पुढे डॉक्टर निवडण्याविषयी बोलताना मी या दोन तत्त्वांकडे परत येणार आहे.

आता शेतकऱ्याच्या गोठ्याकडे वळू. जुन्या माणसांना विचारा, गुरांचा सर्वांत मोठा काळ कोणता? ते बुळकांडी म्हणतील. ही साथ गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे होत. पेरणीच्या तोंडावर बैल गेला म्हणजे शेतकरी त्या वर्षापुरता शेतकरी राहत नसे, मजूर होई. या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच १९२० च्या दशकात बुळकांडीवरची शेळीच्या अंगातून तयार होणारी लस सिद्ध झाली. १९५४ साली भारत सरकारने बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. लस टोचणारे लोक गावोगाव, वाड्यावस्त्यांवर गेले. अर्धशतक हे काम चालले. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर असा समूळ गेलेला हा दुसरा रोग.

या विजयाचा हिशेब नीट मांडा. एकेका शेतकऱ्याने आपापला डॉक्टर शोधून, आपापली फी देऊन बुळकांडी गेली असती काय? शंभर गोठ्यांपैकी नव्वदांना लस आणि दहांना नाही, तर रोग त्या दहांत दबा धरून बसतो. म्हणून लस सरकारी खर्चाने सगळ्यांच्या दारी न्यावी लागली. जनावराचे औषध सर्वांत स्वस्त केव्हा झाले? ज्या दिवशी ते एकट्याचे राहिले नाही त्या दिवशी. मला या व्याख्यानात जे सांगावयाचे आहे, ते एवढेच आहे.

आपल्या मराठवाड्यात ही व्यवस्था उशिरा आली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. या राज्यातले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली निघाले, तेही हैदराबाद शहरात. लाल कंधारी आणि देवणी यांच्यासारखी नामांकित गुरे सांभाळणारा हा प्रदेश, पण येथल्या मुलाला पशुवैद्य व्हावयाचे तर हैदराबाद गाठावे, मुंबई गाठावी किंवा १९५८ नंतर नागपूर गाठावे. ज्या वर्षी दुष्काळाने दावणी रिकाम्या केल्या, त्या १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झाले आणि त्याबरोबर पशुवैद्यकीय महाविद्यालयही आले. २००० साली नागपूरला पशु व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे महाविद्यालय त्याच्या छत्राखाली गेले. पूर्णेहून गाडीत बसले की परभणी जवळच. विद्यार्थी जेथे शिकतात तेथे रुग्णालय असावेच लागते, आणि तेथे अनुभवी प्राध्यापकांच्या नजरेखाली उपचार होतात. अवघड दुखण्यासाठी एवढी मोठी सोय हाताशी असताना आपल्यातले कितीतरी लोक केवळ माहिती नसल्यामुळे दूरच्या शहरात पैसा घालवितात.

गावोगावचे सरकारी दवाखाने मुख्यतः गुरांसाठी निघाले. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या रोगांशी त्यांची लढाई. कुत्र्याला तेथे मज्जाव नव्हता, पण त्याच्या आजारांची औषधे आणि साधने तेथे नेहमी असतीलच असेही नव्हते. मग शहरे वाढली, घरे लहान झाली आणि कुत्रे अंगणातून घरात आले. बैलाच्या मागोमाग गेलेला वैद्य आता कुत्र्याच्या मागोमाग आला. खाजगी दवाखाने निघाले, क्ष-किरण, सोनोग्राफी, रक्ततपासणी आली. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उघडले. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण एक फरक पडला. घोड्याचा खर्च खजिना देई, बुळकांडीचा खर्च सरकार देई. घरातल्या कुत्र्याचा खर्च मात्र एकटा धनी देतो. कारखान्यातल्या कामगाराच्या आजारासाठी १९४८ चा राज्य विमा कायदा आहे, रेल्वेच्या माणसाला रेल्वेचे रुग्णालय आहे. दारातल्या कुत्र्यासाठी असे काही नाही. म्हणून बिल पाहून माणूस दचकतो.

येथे डॉक्टरांवर राग काढणे सोपे असते. मी तो काढणार नाही. साडेपाच वर्षांचे शिक्षण घेऊन, चावणाऱ्या रोग्याला हात घालणारा तो माणूसही कष्टकरीच आहे. त्याच्या कामाचे दाम त्याला मिळालेच पाहिजेत. ज्याने आयुष्यभर वाजवी मजुरी मागितली त्याने दुसऱ्याची मजुरी बुडवू नये. आपला हक्क आहे तो एवढाच की काम काय, दर काय आणि ते आवश्यक का, हे आधी कळावे.

तेव्हा डॉक्टर निवडावा कसा? पहिली गोष्ट नोंदणी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणी झालेल्या पदवीधरानेच करावयाचा आहे. पदविकाधारकांना काही किरकोळ उपचार करता येतात, पण तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. दुसरी गोष्ट, हा डॉक्टर कुत्र्यामांजरांवर नेहमी उपचार करतो काय? म्हशीच्या वेतात निष्णात असलेला डॉक्टर मांजराच्या दुखण्यात तितकाच सरावलेला असेल असे नाही, आणि चांगला डॉक्टर हे स्वतःहून सांगतो. तिसरी गोष्ट, तो बोलतो काय? रोग कोणता वाटतो, तपासणी कशासाठी, तिच्या निकालाने उपचार बदलणार आहेत काय आणि एकूण खर्च अंदाजे किती, या चार प्रश्नांची उत्तरे जो शांतपणे देतो तो आपला डॉक्टर. ३५ व्या कलमातले पहिले तत्त्व ते हेच. चौथी गोष्ट, औषधाचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून घ्यावी आणि लसीची नोंद कार्डावर करून घ्यावी. कागद जपला तर दुसऱ्या डॉक्टरकडे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. आणि पाचवी गोष्ट, पैशाची अडचण असेल तर ती उपचार सुरू होण्यापूर्वी मोकळेपणाने सांगावी. एकच दुखणे दोन-तीन मार्गांनी हाताळता येते. कोणता मार्ग आपल्या ऐपतीतला, हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय कळणार कसे? गरीब माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि मग अर्ध्यावर उपचार सोडतो. त्यात पैसाही जातो आणि जनावरही जाते.

स्वस्तपणाविषयी एक इशारा देतो. घरातली माणसांची गोळी कुत्र्यामांजराला देणे ही काटकसर होत नाही. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराचा जीव घेते. दुखण्यावरच्या इतर गोळ्यांनी कुत्र्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला इजा होते. आणि जखमेत किडे पडेपर्यंत वाट पाहिली तर चार दिवसांचे काम चार आठवड्यांचे होते.

खरी काटकसर लसीत आहे. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि नंतर डॉक्टर सांगेल त्याप्रमाणे दरवर्षी. पार्व्होने आजारी पडलेल्या पिलाला सलाईनवर ठेवण्याचा खर्च लसीच्या कितीतरी पट होतो आणि एवढे करून पिलू वाचेलच असे नाही. रेबीजची तर गोष्टच वेगळी. लुई पाश्चरने १८८५ साली ही लस माणसावर प्रथम वापरली, त्याला आता एक शतक आणि वर चार दशके लोटली. तरीही एकदा लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर जवळजवळ उपाय नाही. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. दारातल्या कुत्र्याला टोचलेली लस ही म्हणून त्या कुत्र्यापुरती राहत नाही. गल्लीत खेळणाऱ्या सगळ्या मुलांचे ती रक्षण करते. बुळकांडीचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

आणि म्हणूनच हे काम एकट्याने करण्याचे नाही. रेबीजची लस एकेका मात्रेच्या कुपीत मिळते, तशी अनेक मात्रांच्या कुपीतही मिळते. गल्लीतल्या दहा घरांनी एकच दिवस ठरवला आणि डॉक्टरला एकदाच बोलावले तर डॉक्टरची फेरी वाचते, कुपी वाया जात नाही आणि प्रत्येकाचा खर्च उतरतो. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरणाची शिबिरे भरतात. आपल्या गावात ते भरावे यासाठी नगरपरिषदेकडे, पशुसंवर्धन खात्याकडे आणि परभणीच्या महाविद्यालयाकडे अर्ज करावा. एका सहीच्या अर्जाला उत्तर मिळायला वेळ लागतो, दोनशे सह्यांचा अर्ज टेबलावर फार दिवस पडून राहत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. मोहल्ल्यातल्या मंडळाने दर महिन्याला घरटी थोडी वर्गणी बाजूला ठेवली तर अडीअडचणीला एखाद्या विधवेच्या शेळीचा किंवा हमालाच्या कुत्र्याचा उपचार त्यातून होऊ शकतो. १८३४ साली मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मालावर लाग बसवून जे केले, ते आपण आपल्या ऐपतीप्रमाणे करावे. त्यांच्यापाशी कापसाच्या गाठी होत्या. आपल्यापाशी माणसे आहेत, आणि ती एकत्र कशी आणावयाची हे या रेल्वेच्या गावाला शिकवावे लागू नये.

मंडळी, राजाच्या घोड्यापासून निघालेला वैद्य गाडीवानाच्या बैलापर्यंत पोचायला दोन हजार वर्षे लागली, आणि तेथून कष्टकऱ्याच्या कुत्र्यापर्यंतची वाट अजून पुरी झालेली नाही. ती पुरी करणे आपल्या हातात आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गल्लीतली जनावरे मोजा, कोणाला लस टोचलेली आहे आणि कोणाला नाही याची यादी करा, आणि ती यादी घेऊन डॉक्टरकडे चार जण मिळून जा. तेवढे झाले तरी आजचे व्याख्यान सत्कारणी लागले असे मी समजेन.